२२ कुंड्यांच्या ९ केल्या, त्याला सात महिने झाले

गच्चीवर २२ कुंड्या होत्या. मग ऑफिसात कामाचा असा काही रेटा आला की घरी यायलाच अंधार पडायचा. सुट्टीच्या दिवशी वर जावं तर वेलीवर पिवळीधम्मक काकडी लोंबतेय. बाग मोडायची नव्हती, म्हणून दोन गोष्टी केल्या. नळाला बॅटरीवर चालणारा ठिबकचा टायमर लावला आणि १३ कुंड्या रिकाम्या केल्या.

आधी टायमरचं सांगतो. ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) ताशी २ लिटरचे आहेत. रोज सकाळी १५ मिनिटं चालू, म्हणजे कुंडीला अर्धा लिटर पाणी. टोमॅटोत लगेच फरक दिसला. पूर्वी दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असा माझा कारभार असायचा. फळांची बुडं काळी पडायची आणि मी कॅल्शियम घालत बसायचो. पण कॅल्शियम फळापर्यंत पोचतं ते पाण्याबरोबरच. पाण्यातच खंड पडला तर मातीत कितीही असून काय उपयोग? पाणी नेमाने मिळायला लागल्यावर नंतरची फळं स्वच्छ आली.

मिरचीचं मात्र वाटोळं झालं. ती पुदिन्याच्याच नळीवर होती. पानं पिवळी पडली, मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून वरून गांडूळखत दिलं. शेवटी कुंडी उपसली तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत, जादा पाण्याने कुजलेली. तीनपैकी दोन झाडं गेली. चूक माझी, टायमरची नव्हे. आता मिरचीला हातानेच पाणी देतो, तेही बोटभर माती कोरडी लागली तरच.

टायमरबद्दल खरी तक्रार एकच: बॅटरी संपत आल्याचं तो कळवत नाही. एकदा बंदच राहिला आणि दोन दिवसांनी माना टाकलेली झाडं बघून मला कळलं. क्षारांमुळे ड्रिपरही तुंबतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात. पाचपैकी साडेतीन तारे.

पण खरं सांगू? वेळ पाणी घालण्यात जातच नव्हता, तोडणीत जात होता. हे कळायला मला महिना लागला. कुंड्या कमी करताना मी ‘लावायला सोपं’ एवढंच बघितलं आणि भेंडी ठेवली. भेंडी उगवते कुणाच्याही हातून, पण तोडायला दोन दिवस उशीर झाला की निबर. काकडी आणि घेवड्याचा त्रास वेगळा: बी भरलेली फळं-शेंगा तशाच राहिल्या की नवीन धरणं कमी होतं. आठवड्यातून एकदाच वर जाणाऱ्याने यांच्या नादी लागू नये. तिन्ही काढली.

राहिलं ते असं: टोमॅटो दोन, मिरची तीन (मेलेल्यांच्या जागी नवी रोपं), पुदिना, कांद्याची पात आणि दोन क्रेटमध्ये रताळी. मिरची तोडायची राहिली तर लाल होते, वाया जात नाही. रताळं तर मातीत निवांत पडून असतं, त्याला तुमच्या मीटिंगशी देणंघेणं नाही.

रिकाम्या कुंड्या सुरुवातीला उघड्याच ठेवल्या. माती दगडासारखी झाली, पाणी ओतलं की कडेने सरळ खाली. मग काहींवर चार बोटं पालापाचोळा पसरला, बाकीच्यांत चवळी पेरली. फुलं यायच्या आत कापून तिथेच पसरायची, असा बेत होता. कापायला वेळ कुणाला होता? चवळीवर मावा आला आणि तिथून मिरचीवर गेला. साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल मिसळून तीन रविवार फवारणी करावी लागली. पुढच्या खेपेला फक्त पालापाचोळा.

आता कामाचा जोर ओसरलाय. रिकाम्यांपैकी चार कुंड्या परत भरल्या. पालापाचोळ्याखालची माती भुसभुशीत निघाली, गांडुळंही दिसली. दोनमध्ये वांगी लावली, दोनमध्ये मुळा. भेंडीचं बी डब्यातच आहे.