शाळेचं गोल्फ किट, आठ महिन्यांनंतर: खेळ झकास, पट्टीने वैताग

शाळेने मुलांसाठी प्लास्टिकच्या काठ्या, मऊ बॉल आणि बॉल चिकटायची टार्गेटं असलेलं गोल्फ किट घेतलं. गेल्या गुरुवारी तिसऱ्या टार्गेटनेही मान टाकली, म्हणून हे लिहायला बसले. पाचवीतल्या एका मुलीचा बॉल अगदी मधोमध आदळला, क्षणभर टेकला आणि घरंगळत खाली आला. "बाई, लागला होता! तुम्ही पाहिलंत ना?" पाहिलं होतं. पण चिकटला तरच गुण, हा नियम मीच केलेला. तिचं तोंड बघवेना.

किटमधल्या बाकी वस्तूंची यादी देत नाही. आमचा वापर सांगते. तिसरी ते सहावी, पी.टी.चा तास, एका वेळी तीसेक मुलं, मैदान अर्धं गवताचं आणि अर्धं मातीचं. प्लास्टिकच्या काठ्या आठ महिने आपटून घेऊनही एकच मोडली, आणि तीही मुलांनी क्रिकेट खेळून. बॉल मऊ आहेत हे सर्वांत मोठं सुख. खरा गोल्फ बॉल 45.93 ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि दगडासारखा टणक. तो तिसरीच्या पोराने आडवातिडवा हाणला की पुढच्याचे दात गेलेच. तरी काठी ती काठीच. शिट्टी झाल्याशिवाय कुणी बॉल आणायला पळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा.

आता पट्टी. बॉलला टेनिस बॉलसारखी लव आहे आणि टार्गेटवर व्हेल्क्रोची खरखरीत बाजू. त्या बाजूला नायलॉनचे बारीक आकडे असतात, ते लवेत अडकतात आणि बॉल चिकटतो. पहिले सहा आठवडे असा चिकटायचा की ओढून काढताना चर्रर्र आवाज यायचा, आणि त्या आवाजासाठीच मुलं रांगेत उभी असायची. मग बॉलची लव सुटून आकड्यांत बसायला लागली. त्यात गवताची कुसळं. दोन महिन्यांत टार्गेटवर राखाडी गादी तयार झाली. गंमत म्हणजे जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला व्हेल्क्रोची कल्पना सुचली ती 1941 साली, फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं बघून. ज्या जातीच्या वस्तूवरून ही पट्टी जन्मली, तीच तिच्या मुळावर आली.

उपाय विचाराल तर फणी. उवा काढायची बारीक दातांची. टार्गेट ओलं न करता, एकाच दिशेने, हलक्या हाताने. दर शनिवारी अर्धा तास मी हेच करत होते. शिपाईमामा एकदा थांबून बघत राहिले आणि काही न बोलता निघून गेले. फणीने चौथ्या महिन्यापर्यंत निभावलं. पण मातीने भरलेले आणि वाकलेले आकडे परत उभे राहत नाहीत.

मग कंपनीला फोन. आधी बिल मागितलं, मग फोटो, मग व्हिडिओ. बॉल चिकटत नाही याचा व्हिडिओ! मी टार्गेटवर बॉल ठेवते, तो पडतो, ठेवते, पडतो. असा दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की पट्टी झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. सगळा खेळ ज्या पट्टीवर उभा आहे ती वॉरंटीत नाही, आणि पिशवीची चेन मात्र वर्षभर वॉरंटीत. तीन आठवडे भांडल्यावर 'खास बाब' म्हणून नव्या पट्टीची चार बंडलं आली. उघडली तर मऊ बाजू! लव असलेला बॉल, लव असलेली पट्टी. कशाला काय चिकटणार?

इथपर्यंतचं मी दिवाळीच्या सुट्टीआधी लिहिलं असतं तर एक तारा देऊन मोकळी झाले असते. पण टार्गेटं निकामी झाल्यावर नाइलाजाने मी ती जमिनीवर आडवी टाकली, भोवती खडूने गोल काढला आणि सांगितलं, बॉल गोलात थांबला पाहिजे. तेव्हा लक्षात आलं की चिकटणाऱ्या टार्गेटवर मुलं काय शिकत होती. जोरात मारायला. कितीही जोरात मारा, पट्टी धरतेच. गोलात मात्र जोर जास्त झाला की बॉल पलीकडे. दोन तासांत मुलं फटका आवरायला लागली. अंतराचा अंदाज, जो गोल्फमध्ये हिरवळीवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, आणि हिरवळीभोवती सगळ्यात जास्त लागतो, तो आम्हाला बंद पडलेल्या टार्गेटने शिकवला. शेवटी गोल लहान करत करत 108 मिलीमीटरवर आणला. खऱ्या होलचा व्यास तेवढाच. त्यात साध्या काठीने तीन पावलांवरून बॉल थांबवणारी सहा मुलं आहेत आज.

दुसरं मत बदललं ते किटमधल्या घड्याळाच्या पट्टीबद्दल. पायाशी अंथरायची, घड्याळाचे आकडे छापलेली; काठी मागे कुठवर न्यायची आणि पुढे कुठवर, ते दाखवणारी. ढकलायचा फटका सात ते पाच, चिप, म्हणजे बॉल जरासा उचलणारा छोटा फटका, आठ ते चार, मोठा नऊ ते तीन. मला हा निव्वळ दिखावा वाटला होता. त्यात पहिल्याच दिवशी चौथीतला एकजण म्हणाला, "बाई, घड्याळात सात डावीकडे असतं. इथे उजवीकडे का?" मीही गोंधळले. मग उमगलं की हे घड्याळ मारणाऱ्याचं नाही, त्याच्यासमोर उभं राहून बघणाऱ्याचं आहे. म्हणून आता जोड्या लावते: एक मारणारा, एक पाच पावलं लांब समोर उभा राहून "सात... पाच!" ओरडणारा. ओरडणाराच जास्त शिकतो असं दिसतंय. डावखुऱ्यांना उलटं, पाच ते सात. त्यांच्यासाठी किटमध्ये आठात एकच काठी आहे आणि माझ्याकडे एका वर्गात चार डावखुरे. यावर फोन करायची ताकद उरलेली नाही.

गुणांचं सांगायचं तर 'कमी फटके म्हणजे जिंकला' हे पचायला मुलांना महिना लागला. आणि मोजायचे आपले आपण. 1925 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूने, बॉल जरासा हलला म्हणून, इतर कुणी पाहिलं नसताना स्वतःवर दंड लावून घेतला आणि शेवटी बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे निकालासाठीच्या जादा खेळात, तो हरला. हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "मग तो वेडा होता का?" दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलाने येऊन आपल्या चारचे पाच करून घेतले. तोंड वाकडं करून, पण घेतले.

मुख्याध्यापक म्हणतात, खडूने काम चालतंय तर पट्टी कशाला हवी? चालतंय हो. पण पैसे चिकटणाऱ्या टार्गेटचे दिलेत, खडूचे नाही. मंगळवारी पुन्हा मेल टाकलाय, या वेळी 'खरखरीत' हा शब्द ठळक अक्षरांत. तोवर मऊ पट्टीची चार बंडलं कपाटात पडून आहेत. कुणाच्या किटमध्ये उलटी चूक झाली असेल तर कळवा, अदलाबदल करू.