चुंबकीय द्रवाची सूक्ष्मरचना: माँटे कार्लो की लान्जेव्हिन?

चुंबकीय द्रवातील, म्हणजे नॅनोमीटर आकाराचे चुंबकीय कण तरंगत असलेल्या द्रवातील, कण कसे मांडले जातात हे संगणकावर पाहायचे, तर माँटे कार्लो (कणांच्या यादृच्छिक हालचाली ऊर्जेनुसार स्वीकारणे वा नाकारणे) आणि लान्जेव्हिन डायनॅमिक्स (घर्षण आणि औष्णिक धक्के धरून कणांच्या गतीची समीकरणे सोडवणे) असे दोन रुळलेले मार्ग आहेत. पण निवड करण्याआधी एक छोटे गणित कागदावर करावे, असा माझा आग्रह आहे. परस्परांना टेकलेल्या दोन कणांमधील चुंबकीय ऊर्जेचे औष्णिक ऊर्जेशी असलेले गुणोत्तर, म्हणजे लॅम्डा, आधी काढावे. मॅग्नेटाइटचा (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) 10 नॅनोमीटर व्यासाचा गाभा आणि त्याभोवती कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या ओलिइक आम्लाचा 2 नॅनोमीटर जाडीचा थर धरला, तर खोलीच्या तापमानाला लॅम्डा जेमतेम 0.5 भरतो, गाभा 16 नॅनोमीटरचा घेतला, की तोच पावणेतीनच्या घरात जातो. द जेन आणि पिंकस या भौतिकशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये वर्तवलेल्या कणांच्या साखळ्या या मोठ्या कणांच्याच बळावर तयार होतात, म्हणून सगळे कण सरासरी आकाराचे मानणारे प्रतिमान कोणत्याही पद्धतीत फसवे ठरते. निदान दोन आकार तरी घ्यावेत.

केवळ समतोलातील रचना हवी असेल, तर माझा कौल माँटे कार्लोला आहे. मात्र साखळीतला एकेक कण हलवण्याचे प्रयत्न बहुतांशी नाकारले जातात आणि रचना तिथेच अडकून पडते. त्यामुळे कणांचा अख्खा गट एकत्र सरकवण्याची सोय आज्ञावलीत हवीच.

बदलत्या चुंबकीय क्षेत्राला द्रव किती वेळात प्रतिसाद देतो, हा प्रश्न असेल तर माँटे कार्लो निरुपयोगी आहे, कारण त्यातील पायऱ्यांना खऱ्या काळाचा अर्थ नसतो. तिथे लान्जेव्हिनच घ्यावे लागते, पण डोळसपणे. 10 नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटमध्ये कण स्वतः वळण्याच्या कितीतरी आधी त्याचे चुंबकीय परिबल (त्याच्या चुंबकत्वाची ताकद आणि दिशा) आतल्या आत फिरते. ते कणाला घट्ट जखडलेले मानणारे साधे प्रतिमान समतोलातील चुंबकन ठीक सांगते, मात्र प्रतिसादाचा काळ चुकवते. श्यानता (द्रवाचा दाटपणा) काढायची असेल, तर कणांच्या हालचालीमुळे भोवतालच्या द्रवात उठणारे प्रवाहही धरावे लागतात, आणि साध्या लान्जेव्हिनमध्ये ते नसतात.

कणांच्या चुंबकीय परिबलांमधले, दूरवर पोहोचणारे द्विध्रुवी बल ठरावीक अंतरावर तोडून टाकण्याचा मोह दोन्ही पद्धतींत टाळावा आणि असे दूरचे बलही हिशोबात धरणारी इवाल्ड बेरीज वापरावी. ‘एस्प्रेसो’ या मुक्त संगणक-प्रणालीत द्विध्रुवांसाठीची पी-थ्री-एम पद्धत, म्हणजे इवाल्ड बेरजेचेच वेगवान रूप, तयार मिळते, त्यामुळे लान्जेव्हिनचा आरंभ तुलनेने सोपा होतो.