स्विच ओएलईडी, दिवाळी ते गणपती: हातात घेऊन खेळता येण्याचा नक्की फायदा काय?

गेल्या दिवाळीत बोनस आला तेव्हा निन्टेन्डो कंपनीचा हा गेम कन्सोल घेतलेला, आता गणपती पण होऊन गेले, म्हणजे लिहायला हरकत नाही. अनबॉक्सिंग, ग्राफिक्स, कुठले गेम बेस्ट वगैरे यूट्यूबवर ढिगाने पडलंय, ते मी करत बसत नाही. एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण घ्यायच्या आधी ऑफिसात सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच झालेला. एक पार्टी म्हणत होती की हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं, वगैरे सगळं दिखाऊ आहे, चार दिवस बॅगेत घालून मिरवशील आणि मग जो टीव्हीला चिकटेल तो कायमचा, त्यापेक्षा सरळ टीव्हीला जोडायचा पीएस५ घे. दुसरी पार्टी म्हणत होती की अरे डोंबिवली ते दादर रोज येजा करतोस, हा तुझ्यासाठीच बनलाय. एवढे महिने वापरल्यावर सांगतो, दोन्ही पार्ट्यांचा नेम चुकला.

आधी मशीनचं थोडक्यात उरकतो. २०२१ च्या ऑक्टोबरला आलेलं ओएलईडी मॉडेल, स्क्रीन ७ इंच, दोन्ही बाजूचे जॉयकॉन (म्हणजे काढता येणारे कंट्रोलर) लावून वजन ४२० ग्रॅम. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे इम्पोर्टवाल्या दुकानातूनच घ्यावा लागतो आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराच्या तोंडचा शब्द. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खोबणीत, बसवला की टीव्हीवर १०८० पी पर्यंत, हातात घेतला की ७२० पी. आकडा ऐकून नाक मुरडू नका, ७ इंचावर ७२० पी चांगलं कडक दिसतं, उलट तोच गेम आमच्या ४३ इंची टीव्हीवर लावला की कडा जरा फुसफुशीत वाटतात.

तर लोकल. सकाळच्या फास्टमध्ये खेळायचं म्हणता? डोंबिवलीला चढतानाच बॅग पुढे छातीवर घ्यावी लागते, हात एकदा वर हँडलला गेला की दिवा स्टेशनपर्यंत खाली येत नाही, आणि ह्या मशीनला दोन्ही हात लागतात. एकदा परतीच्या ट्रेनला दादरहून चौथी सीट मिळाली म्हणून काढला, म्हणजे अर्धा बसलेलो अर्धा हवेत, डावी स्टिक फिरवली की शेजारच्या काकांच्या बरगडीत कोपर, उजवी फिरवली की उभ्या असलेल्याच्या बॅगेत, वर काका म्हणाले "केवढ्याला पडला?" आणि मी तीस हजार सांगितल्यावर आख्ख्या कंपार्टमेंटने वळून बघितलं. ठाण्याला गपचूप बॅगेत घातला. तेव्हापासून लोकलमध्ये काढत नाही. लोकलसाठी मोबाईलच बरा, एका हातात मावतो आणि खाली पडला तरी इतका जीव जात नाही.

मग फायदा कुठे, तर घरात. हे कोणी सांगितलं नव्हतं. आमचं टू बीएचके, माणसं पाच, टीव्ही एक. संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत आईच्या सिरियल, त्याच्यात कोणी हात घालायचा नाही. त्यानंतर बाबांच्या बातम्या, म्हणजे चार माणसं एकाच वेळी ओरडतात ते. आयपीएल सुरू झालं की मार्च ते मे टीव्ही विसरायचाच. रविवारी सकाळी मुलीचं कार्टून. ह्यात पीएस५ आणला असता तर मी फक्त रात्री अकरानंतर खेळलो असतो, ते पण आवाज बंद करून, आणि सकाळी पावणेसातला उठायचं असतं. स्विच मी डॉकमधून उचलतो आणि बेडरूममध्ये जातो, संपला विषय. गेम तिथूनच पुढे चालू, लोडिंग नाही, सेव्ह करा मग तिकडे जाऊन उघडा असं काही नाही. बाहेर आई सिरियल बघतेय, बायको शेजारी पुस्तक वाचतेय, मी इयरफोन लावून झेल्डा गेममधल्या हायरूलच्या डोंगरावर चढतोय आणि पाऊस पडला की घसरतोय. कोणाचं कोणाशी भांडण नाही.

खरं म्हणजे हीच आयडिया निन्टेन्डोने आधी विकून बघितलेली. २०१२ ला वी यू नावाचा कन्सोल आला, त्याच्या कंट्रोलरमध्येच ६.२ इंची स्क्रीन, टीव्ही दुसऱ्या कोणाला हवा असेल तर हातातल्या स्क्रीनवर खेळा. पण गेम चालायचा टीव्हीखालच्या डब्यात, हातात यायचं फक्त चित्र, त्यामुळे डब्यापासून फार लांब गेलं की सिग्नल तुटणार. तो साफ आपटला, १ कोटी ३५ लाखाच्या आसपास विकला गेला. मग २०१७ च्या मार्चमध्ये स्विच आला, ह्यात सगळी मशीनच हातातल्या भागात आणि टीव्हीखाली नुसता रिकामा डॉक, हा आत्तापर्यंत १५ कोटीच्या वर गेलाय. जाहिरातीत काय दाखवायचे, तर विमानात खेळणारा, गच्चीवरच्या पार्टीला घेऊन जाणारी मुलगी. माझ्या मते त्यातले निम्मे विकले गेले असतील ते आमच्यासारख्या घरांमुळे, फक्त "सासूची सिरियल चालू असताना खेळा" अशी जाहिरात कोण करणार.

आमच्या पिढीला हे लगेच कळेल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते कार्ट्रिजवाले व्हिडीओ गेम मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने आणायचो, आणि बाबा अर्ध्या तासात येऊन सांगायचे की पिक्चर ट्यूब जाईल, बंद करा. ट्यूब कोणाचीच गेलेली ऐकली नाही, त्यांना बातम्या लावायच्या असायच्या. म्हणून तर सेलवरचा तो ब्रिक गेम प्रत्येकाकडे होता, ९९९९ गेम असं खोक्यावर लिहिलेलं आणि आत खेळायचे ते तेच दहा-पंधरा, पण तो पांघरुणात घेऊन खेळता यायचा आणि कोणाच्या बापाचा टीव्ही अडत नव्हता.

दुसरा फायदा म्हणजे स्लीप मोड, आणि हा मला पोर्टेबिलिटीचाच भाग वाटतो. वरचं छोटं बटण दाबलं की जिथे आहे तिथे झोपला. परत उठवायचा, एकच बटण तीनदा दाबायचं की तोच क्षण, तोच शत्रू तलवार उगारून उभा. लग्न झालेल्या, मूल असलेल्या माणसाला ह्याची किंमत विचारा. मुलीच्या कथकच्या क्लासबाहेर जिन्यात बसून मी जेवढा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळलोय तेवढा घरी नसेन. त्या गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो आणि झोपायला गेल्याशिवाय सेव्हच होत नाही, म्हणजे मधेच क्लास सुटला तर कम्प्युटरवर त्या दिवसाची शेती पाण्यात. इथे बटण दाबायचं, खिशात नाही मावत पण बॅगेत टाकायचा, पोरगीचे घुंगरू हातात घ्यायचे आणि चालू लागायचं. रात्री उघडला की टोमॅटो अर्धे पाणी घातलेले, तसेच. आता कोणी म्हणेल हे मोबाईलवर पण होतं. होतं ना, पण मोबाईलवर मधेच बॉसचा मेसेज येतो, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण येतं, आणि बॅटरी संपवून चालत नाही कारण लोकलचं तिकीट आणि यूपीआय त्याच्यातच. खेळायची वस्तू वेगळी असलेली बरी.

घराबाहेर नेण्याबद्दल बोलायचं तर रोजचं नाही, पण गावाला जाताना एक नंबर. गणपतीला कुडाळला गेलो, मांडवी एक्सप्रेसने, ठाण्याहून. दिवसभराचा प्रवास, पावसाळी टाइमटेबल, म्हणजे गाडी आपल्या मर्जीने. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटर, तिथे नेटवर्क शोधायचंच नाही. माझ्या मावसभावाकडे प्लेस्टेशन पोर्टल आहे, दिसायला झकास, ८ इंची स्क्रीन, पण तो घरातल्या पीएस५ चं किंवा सर्व्हरवरचं चित्र वायफायवरून ओढतो, त्यामुळे पनवेल सोडल्यावर त्याने तो बॅगेतून काढलाच नाही आणि चिपळूणपर्यंत माझ्याकडे बघत बसला. शेवटी एक जॉयकॉन काढून त्याला दिला, मशीन मागच्या स्टँडवर समोरच्या फोल्डिंग टेबलावर उभी केली आणि मारिओ कार्ट ८ डीलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. ओएलईडी मॉडेलचा स्टँड चांगला रुंद आहे, पहिल्या मॉडेलचा एका बाजूला असलेला बारीक काडीसारखा स्टँड गाडीच्या हादऱ्यात टिकला नसता. एक सूचना, मांडवीत खायला सतत काहीतरी येत असतं, कटलेट खाल्लेल्या हाताने स्टिक धरू नका, मी भावाला हात पुसायला पाठवलं तेव्हाच शर्यत सुरू केली.

गावात तर विचारू नका. दुसऱ्याच दिवशी लाईट गेली, पाऊस लागलेला, वाडीतली पाच-सहा पोरं पडवीत जमली आणि दोन जॉयकॉनवर नंबर लावून शर्यती चालू झाल्या. एकेक जॉयकॉन आडवा धरला की तोच छोटा कंट्रोलर होतो, हे इतकं साधं आहे पण दुसऱ्या बहुतेक हॅन्डहेल्डना वेगळा कंट्रोलर घेऊन फिरावं लागतं. ७ इंचाच्या स्क्रीनवर दोघांचं चित्र वाटून घेतल्यावर मोठ्या माणसाला गाडी कुठली आणि केळ्याचं साल कुठलं ते दिसत नाही, पोरांना सगळं दिसतं. आरतीची हाक आली तेव्हा बॅटरी लाल झालेली, कंपनीच्या हिशोबाने ती साडेचार ते नऊ तास टिकते. पॉवर बँक नेलेली म्हणून निभावलं, पण ती यूएसबी सी पीडीवाली, म्हणजे जास्त ताकदीने चार्ज करणारी, बघून घ्या, साध्या पॉवर बँकेवर खेळता खेळता चार्ज जेमतेम जागच्या जागी राहतो. तसंच मोबाईलचा साधा चार्जर हातात खेळताना चालेल, पण डॉकला लावला तर टीव्हीवर चित्र येणार नाही, डॉकला १५ व्होल्ट देणारा लागतो. विमानाने जाणाऱ्यांनी स्विच आणि पॉवर बँक दोन्ही केबिन बॅगेत ठेवा, पॉवर बँक चेक-इनला चालत नाही.

आता त्रास. सपाट आहे, त्यामुळे तासाभराने करंगळी आणि अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, मोठ्या पंजाच्या माणसाने मागून लावायची ग्रिप घ्यावीच. आडवं पडून खेळलात आणि डोळा लागला की ४२० ग्रॅम थेट नाकावर. स्क्रीन चकचकीत, खिडकीशी बसलं की काळोख्या गुहेत स्वतःचाच चेहरा दिसतो. आणि अक्षरं! टीव्हीसाठी बनवलेले गेम हातातल्या स्क्रीनवर आणले की मेनूतली अक्षरं मुंगीएवढी, मला नुकतीच चाळिशी लागलीय, चष्मा वर खाली करत वाचतो. सेटिंगमध्ये झूम चालू केला की होम बटण दोनदा दाबून मोठं करता येतं, पण लढाई चालू असताना कोण झूम करत बसणार. काही जड गेमचं तर हातात घेतल्यावर चित्रच ढिलं पडतं, झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ चं नाव त्यासाठी बदनाम आहे. कारण सरळ आहे, बॅटरी वाचवायला चिप हळू चालवतात. जॉयकॉनच्या स्टिक आपोआप सरकण्याची तक्रार जगभर गाजलेली आहे, २०२० ला कंपनीच्या अध्यक्षांनी त्यावर माफी पण मागितली, घेताना हे माहीत असू द्या.

ऑफिसातल्या एकाचा स्टीम डेक ओएलईडी, म्हणजे पीसीचे गेम चालवणारा हॅन्डहेल्ड, आठवडाभर आणून वापरला. ताकद जास्त, पीसीचे गेम सेलमध्ये स्वस्तात, पकड तर फारच छान. पण ६४० ग्रॅम, आणि जॉयकॉनसारखं काही सुटं होत नाही. तो "पोर्टेबल" म्हणून घेतलेल्या त्या माणसाचा वापर पण शेवटी माझ्यासारखाच निघाला, सोफ्यावर. निन्टेन्डोचाच पुढचा स्विच २ २०२५ च्या जूनमध्ये आला, स्क्रीन ७.९ इंच आणि १०८० पी, पण वजन ५३४ ग्रॅमच्या आसपास आणि बॅटरी २ ते साडेसहा तास. टीव्हीवर खेळणाऱ्यासाठी नक्की चांगला, माझ्यासाठी बेडवर पडून धरायला आणखी शंभर ग्रॅम. दोन वर्षं तरी बदलत नाही.

ज्याला एकट्याचा टीव्ही आहे, स्वतःची खोली आहे, रात्री दोन-तीन तास कोणी हाक मारत नाही, त्याने हॅन्डहेल्डसाठी एक रुपया जास्त देऊ नये, पीएस५ घ्यावा, लोकलसाठी म्हणून तर अजिबात घेऊ नये. होस्टेलवाल्यांनी लाइटचा विचार करा, स्विच लाइट, म्हणजे ५.५ इंचवाला, २७५ ग्रॅमचा, पण तो टीव्हीला जोडताच येत नाही आणि जॉयकॉन सुटे होत नाहीत, म्हणजे पडवीतल्या शर्यती बाद. आमच्या घरी अजून पण महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी डॉकला लावतोच, ती मजा वेगळी.

घेतलात तर कडक कव्हरची केस आणि टेम्पर्ड ग्लास त्याच दुकानातून त्याच वेळी घ्या, स्टिक बाहेर आलेल्या असतात, बॅगेत डब्याखाली दाबल्या जातात. दुकानदार केसचे जास्तीचे पैसे लावतो, घासाघीस करा, माझ्या वेळी ग्लास फुकटात दिली.