काजू बी विकायची की गर काढायचा?

सिंधुदुर्गात बहुतेक बागायतदार काजू बी वाळवून पोत्याने व्यापाऱ्याला देतात. पैसे लगेच हातात येतात, भांडवल अडकत नाही. पण आफ्रिकेतून स्वस्त बी आली की इथला दर पडतो, आणि गावाला रोजगार मिळतो तो हंगामापुरताच.

गर काढायचा तर कामं वाढतात: बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर ड्रायरमध्ये तापवून साल काढायची, मग अख्खा, पाकळी, तुकडा असा निवडायचा. साल काढताना गर तुटला की भाव उतरतो, म्हणून सराईत बायकांच्या हाताला इथे खरी किंमत आहे. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर पडतो. टरफलाचं तेलही रंग बनवणाऱ्यांना लागतं. शिवाय वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा फायदा गर विकणाऱ्यालाच जास्त.

अडचण मोठी आहे ती खेळत्या भांडवलाची. वर्षभर कारखाना चालवायचा तर बी हंगामातच भरून ठेवावी लागते. तरीही माझा कौल गरालाच. मात्र एकट्याने नको, बचत गटाने किंवा शेतकरी कंपनीने मिळून करावं. ज्याचा घरखर्च अडलाय, त्याने थोडी बी खुशाल विकावी.