आठ महिन्यांनंतर: कॉलेज चांगलं, पण बस १०:५५ला सुटते

इंग्लंडच्या मिडलंड्समधलं एक फर्दर एज्युकेशन कॉलेज, पालक म्हणून हा त्याचा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, लेकाला अजून वर्षभर तिथेच काढायचंय. ए लेव्हल, बीटेक, टी लेव्हल या सोळाव्या वर्षानंतरच्या कोर्समधला फरक इथल्या आईबापांना पाठ असतो, त्यामुळे त्यात शिरत नाही. (बीटेक म्हणजे आपलं बी.टेक. नव्हे, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही.) ज्युनियर कॉलेज, आयटीआय आणि पॉलिटेक्निक एकाच छपराखाली, असं म्हणणार होते, पण छपरं तीन आहेत आणि दुखणं तिथेच आहे.

लेकाचा टी लेव्हल (दोन वर्षांचा तांत्रिक कोर्स) इंजिनिअरिंगचा, वर्कशॉप एका कॅम्पसवर. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, इंग्रजीत ग्रेड ३ आला, पास व्हायला ४ हवा होता, म्हणून इंग्रजी पुन्हा. तो वर्ग सहा मैलांवरच्या मुख्य कॅम्पसवर. ही कॉलेजची हौस नाही, २०१४पासूनची सरकारी अट आहे. मुलाला विषय दिला नाही तर कॉलेजचेच पैसे कापतात. तेही मान्य.

मंगळवार-गुरुवार हा वर्ग ११ला सुटतो. कॉलेजची फुकट बस १०:५५ला सुटते. पुढची पावणेएकला. वर्कशॉप साडेअकराला सुरू.

वेळापत्रक करणाऱ्याने बसचा कागद समोर ठेवलाच नसणार. लेकाचा पास दुसऱ्याच कंपनीच्या बसेसवर चालतो, म्हणून या मार्गावरच्या साध्या बसचं तिकीट काढायचं. डिसेंबर २०२४पर्यंत २ पौंड, जानेवारी २०२५मध्ये सरकारने कमाल भाडं ३ केलं. आठवड्याला ६ पौंड, तेही पाच मिनिटांसाठी. फी शून्य आहे, हे मला कळतं. सोळा ते अठराच्या मुलांना हा देश फुकट शिकवतो आणि मी ६ पौंडांवर रडतेय, असं नवरा म्हणतो. त्याला म्हटलं, ६ पौंडांत आपल्याकडे महिनाभराची डाळ येते. येत नाही, पण मुद्दा कळला असावा.

फेब्रुवारीत भडकाच उडाला. घरी पत्र: हजेरी ८४ टक्के, उशिरा येण्याबद्दल ताकीद. मी मुख्य कॅम्पसला फोन केला. ते म्हणाले, वाहतूक दुसऱ्या कॅम्पसकडे. दुसरे म्हणाले, वेळापत्रक पहिल्यांकडे. तिसऱ्या कॅम्पसवर केशकर्तन आणि बेकरीचे कोर्स चालतात. तिथल्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्या हातात काहीच नसताना. लेखी तक्रारीला सहा आठवड्यांनी उत्तर आलं: आपला अभिप्राय नोंदवला आहे.

तेव्हा मी इथे एक तारा देणार होते.

मग मार्चमध्ये लेकाने एक हातोडी घरी आणली. वीतभर लांब, पितळी डोकं, स्टीलचा दांडा, मुठीवर नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली खरबरीत नक्षी). लेथवर स्वतः केलेली. सासरे पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी जॉब, म्हणजे ती हातोडी, कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, फिरवून फिरवून पाहिला. ‘नर्लिंग बरं पडलंय. कडेला चॅम्फर द्यायला हवा होता, हात कापेल.’ (चॅम्फर म्हणजे धारदार कड तिरकी कापणं.) दुसऱ्या दिवशी पोराने हे सरांना सांगितलं. सरही आयुष्यभर कारखान्यातच काम करून शिकवायला आलेले. त्यांनी मशीन मोकळं करून दिलं आणि म्हणाले, आजोबा बरोबर आहेत, लाव पुन्हा. पोरगं चॅम्फर देऊनच घरी आलं. तेव्हापासून आजोबा-नातू मायक्रोमीटरवर बोलतात, मला त्यातलं अर्धं कळत नाही.

दुसऱ्या वर्षी किमान ३१५ तास कंपनीत प्रत्यक्ष काम असतं. कंपनी शोधण्यात कॉलेज किती मदत करतं ते तेव्हा लिहीन.

बसचं काय झालं? कार्यालयाने काहीच केलं नाही. इंग्रजीच्या बाईंनी ईस्टरनंतर वर्ग स्वतःच दहा मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली. पोरं सकाळी दहा मिनिटं लवकर येतात. हे लेखी कुठेच नाही, म्हणून बाई बदलल्या की पुन्हा ६ पौंड.

चार तारे. एक हातोडीचा, दोन सरांचे, एक इंग्रजीच्या बाईंचा. पाचवा १०:५५ला गेला.