गच्चीतल्या भाजीवर अळी: हाताने वेचायची, निंबोळी अर्क मारायचा की बीटी?

आम्ही कोथरूडला गच्चीवर पंधराएक कुंड्यांत पालक, टोमॅटो, कोबी आणि वांगी लावतो, आणि जुलै-ऑगस्टात दरवर्षी हाच प्रश्न पडतो.

एवढ्याच कुंड्या असतील तर हाताने वेचण्याला तोड नाही, पण वेळ पाळायला हवी. पालकावरची स्पोडोप्टेराची (पानं खाणाऱ्या एका पतंगाची) मोठी अळी दिवसा मातीत नाहीतर पानाखाली लपते, त्यामुळे सकाळी शोधून काही सापडत नाही, रात्री टॉर्च घेऊन जा. त्याहून सोपं म्हणजे पानं उलटून बघायची, तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकायचं, शेकडो अळ्या तिथेच संपतात.

निंबोळी अर्क स्वस्त पडतो. 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून ठेवायची आणि संध्याकाळी थोडा साबण घालून फवारायची. उन्हात त्यातलं अझाडिरेक्टिन, म्हणजे अळीवर काम करणारं द्रव्य, लवकर निकामी होतं म्हणून संध्याकाळ. यानं अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं कमी होतं आणि कात टाकणं बिघडतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिवंत अळी दिसली म्हणून लोक वैतागतात आणि रासायनिक औषध आणतात, तसं करू नका ना! पण पुण्यातला पाऊस चार दिवस थांबला नाही तर सगळं धुऊन जातं, हेही खरं.

कोबी-फ्लॉवरवर बारीक अळ्यांनी पानाची चाळण केली असेल तर मी सरळ बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून बनवलेलं जैविक कीटकनाशक, घेईन. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, काही तासांत खाणं थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. मधमाशा आणि लेडीबर्डना धोका नाही. घेताना लेबलवर कुर्स्टाकी (बीटीचा पानं खाणाऱ्या अळ्यांसाठीचा प्रकार) लिहिलंय का बघा, डासांच्या अळ्यांसाठीचं बीटी वेगळं असतं आणि ते इथे चालत नाही. मोठ्या झालेल्या अळीवर मात्र याचाही जोर कमी पडतो.

वांग्यात किंवा टोमॅटोत अळी आत शिरली की तिन्ही उपाय संपले. माना टाकलेले शेंडे आणि भोक पडलेली फळं तोडून बंद पिशवीत भरून टाका, कुंडीत कंपोस्टला नको.

आणि एक विनंती, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवीगार होणारी अळी फुलपाखराची असते. बीटी तिलाही मारतं, तिकडे फवारू नका, एखादी फांदी तिला राहू द्या.