फळप्रक्रिया पदविका, कम्युनिटी कॉलेज (सिंधुदुर्ग): अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

परीक्षेचा फॉर्म भरायला गेले तेव्हा खिडकीतून एक कागद पुढे आला. हजेरी ५८ टक्के. ७५ लागते, फॉर्म घेता येणार नाही. वर्षभरात माझे खाडे झाले नऊ दिवस, त्यातले चार सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे. बाकी रोज दुपारी दोनला मी वर्गात हजर होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकट्या त्या कॉलेजचा नाही. अंगठ्याच्या ठशावर हजेरी घेणारं ते मशीन आता सगळीकडे आहे.

बाकीचे खाडे नव्हतेच. माझा थंब लागत नव्हता.

मी नऊ वर्षं काजू कारखान्यात आहे. सकाळी आठ ते एक बी फोडते, मजुरी किलोवर. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, बोटांची टोकं काळी पडतातच. मग पापुद्रे सुटतात आणि खाली निघते ती कातडी गुळगुळीत असते, तिच्यावर रेघच नसते. हातमोजे घातले तर बोटांना अंदाज येत नाही, गराचे तुकडे होतात आणि तुकड्याला दर नाही. असं बोट काचेवर ठेवलं की लाल दिवा लागतो. पुसून ठेवा, दुसरं ठेवा, डावा हात ठेवा, पुन्हा लाल. मागे रांग असते, तास सुरू झालेला असतो. मग शिपाई म्हणतो, जा आत, नंतर बघू. ते नंतर कधी येत नाही.

आमच्या वर्गात तेवीस जणी. त्यातल्या अकरा काजूवाल्या, तिघी कोळंबी सोलणाऱ्या, त्यांचीही तीच गत. माझ्या बाकावरची तर रेशन दुकानातही अडकते. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "खयचाच मशीन माझो अंगठो घेणा नाय गो." तेव्हा मी तिला धीर देत होते.

आता कोर्सबद्दल. कम्युनिटी कॉलेजांची कल्पना अमेरिकेतून आली. आपल्याकडचं पहिलं १९९५ मध्ये पाँडिचेरीत निघालं. पदवीच्या मागे न लागता आसपासच्या कामाचं शिक्षण, ते आसपासच्या लोकांना, कुठल्याही वयात, हा त्यामागचा विचार. आमच्या किनाऱ्याला याची किती गरज आहे ते सांगते. कोकण बोर्ड २०१२ मध्ये वेगळं झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं आमचंच. आणि पास झालेली पोरं बॅग भरून मुंबईला. मागे राहतो आंबा, काजू, कोकम, फणस आणि आम्ही बायका. म्हणून हे कॉलेज आमचं आहे असं मी मानते, आणि म्हणूनच त्या मशीनचा एवढा राग येतो. गावातल्या कामाने झिजलेला हात ज्या दारावर अडतो, ते दार गावातल्या कामाचं शिक्षण द्यायला उघडलेलं आहे.

खर्च सांगते. फी ४,८०० रुपये, अनामत ५०० रुपये. एसटी जाऊन-येऊन ३० रुपये, तेही मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून. पूर्ण तिकीट असतं तर मी दिवाळीतच सोडलं असतं. खरा खर्च वेगळाच, रोज दुपारनंतरची मजुरी बुडाली. म्हणून ५८ टक्क्यांचा कागद हातात घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे पैसे होते.

फुकट गेलं का? नाही. प्रवेशाच्या आधीच्या जूनमध्ये मी फणसाच्या गराच्या बावीस बाटल्या भरल्या होत्या. आंब्याच्या रसाला करते तसंच सगळं केलं, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, झाकणं घट्ट लावली. पंधरा दिवसांत झाकणं फुगली, दोन बाटल्या रात्री फुटल्या. बाटल्या नीट धुतल्या नसतील असं घरचे म्हणाले आणि मीही तेच मानलं. कॉलेजात मॅडमनी हापूसचा रस आणि बरक्या फणसाचा गर शेजारी शेजारी ठेवून पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजायला लावला. तो जितका कमी तितकं आंबट. आंबा ४ च्या आसपास, फणस ५ च्या वर. रेघ आहे ४.६ ची. त्याच्या वर आम्लता कमी पडते, हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि नुसत्या उकळत्या पाण्याने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. फणसात सायट्रिक आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणायचा, तो मोजायचा, मगच बाटली भरायची. माझा हात घाण नव्हता, माझ्याकडे आकडा नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन मी हे दोनदा सांगितलं.

दुसरी गोष्ट रिफ्रॅक्टोमीटर. सिरपात साखर किती ते मोजणारी टॉर्चएवढी नळी. काचेवर सिरपचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा वाचायचा. कोकम सिरप ६५ ला उतरवायचं. कमी असेल तर आंबतं, फार वर गेलं तर तळाला साखर बसते. मी इतकी वर्षं तार बघून उतरवत होते, म्हणून एक खेप टिकायची, एक जायची. घेणार असाल तर ऐका, मी स्वस्त बघून ० ते ३२ वालं मागवलं. त्यात ६५ दिसतच नाही. ६५ दिसेल असं, ५८ ते ९० च्या आसपासचं मागा. माझे साडेसातशे पाण्यात गेले.

इथवर मी मे महिन्यात लिहिलं होतं आणि शेवटी "जाऊ नका" असं लिहून ठेवलं होतं. ते खोडते आहे, कारण पुढे असं झालं.

मी त्या हजेरीची पूर्ण प्रिंट मागितली. पानामागे १० रुपये घेतले, सात पानं. रात्री जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसले. सोमवारी बहुतेक हजर, मंगळवारी कधी कधी, शुक्रवार-शनिवार जवळजवळ सगळे गैरहजर. गणपतीत कारखाना आठ दिवस बंद होता, त्यानंतरचे सहा दिवस सलग हजर. दिवाळीनंतर तसंच. रविवारची सुट्टी मिळाली की कातडी थोडी भरते, आठवडा सरता सरता पुन्हा जाते. माझ्या बाकावरचीची प्रिंट शेजारी ठेवली तर तेच. आम्ही दोघी मिळून शुक्रवारी गैरहजर राहायचं ठरवलं होतं का?

ती पानं आणि आमचे हात घेऊन आम्ही अकरा जणी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण नियमापुढे काय करणार असंच म्हणत होते. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मॅडम आमच्या जर्नल्सचा गठ्ठा घेऊन आल्या. प्रत्येक प्रात्यक्षिकाखाली तारीख आणि त्यांची सही. मशीन म्हणतं मी गैरहजर, त्याच शुक्रवारी मी फणसाचा पीएच मोजला होता आणि खाली त्यांची सही होती. प्राचार्यांनी सगळी जर्नल्स चाळली. तासाभराने फॉर्म घेतले. अकराही जणी परीक्षेला बसलो.

म्हणून आता माझं मत असं: शिकवणं पाचपैकी पाच, कार्यालय दोन, दारातलं मशीन शून्य. मॅडमनी सह्या नियमाने केल्या म्हणून आमचं वर्ष वाचलं. दुसरं कोणी असतं तर?

मशीन अजून तिथेच आहे. जुलैत नवे प्रवेश आहेत आणि कारखान्यातल्या चार जणी मला विचारतायत. जा, असंच सांगते. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या की आमचा ठसा उठत नाही, हजेरीला वहीत सही घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. जर्नलच्या प्रत्येक पानावर तारीख घाला, मॅडम घालतीलच, तरी तुम्हीही घाला.

अनामतीचे ५०० रुपये अजून मिळालेले नाहीत. पावती माझ्याकडे आहे. सोमवारी परत जाणार आहे.